फार तर पाणी मारा

राजापेठेतल्या त्या गल्लीत शिरलं की आधी दिसतात बाटल्या. प्रत्येक फाटकाला बांधलेली एक प्लास्टिकची बाटली, आत नीळ कालवलेलं पाणी. ते पाहून कुत्रं दाराशी घाण करत नाही म्हणे. कुणी सांगितलं, कुणी पाहिलं, विचारायची सोय नाही. गल्लीत इंजिनिअर आहेत, ट्यूशन क्लासवाले आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आणि बाटल्या झाडून सगळ्यांकडे आहेत. ऐन मे महिन्यात, बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन असताना, त्या गल्लीत कुत्र्याला भिववायला पाणी घरोघरी होतं आणि कुत्र्याला प्यायला कुठेच नव्हतं. बाटली नव्हती ती एकट्या प्रियदर्शनीच्या दाराला.

प्रियदर्शनी मूळची अकोल्याची, लग्न होऊन अमरावतीत आलेली. नवरा किशोर एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आणि हिचं समोरच्या खोलीत पिको-फॉलचं दुकान. दारावर हाताने रंगवलेली पाटी, आत एक मशीन, रिळांचा डबा आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाई फटकळ. ब्लाउज बिघडला म्हणून कुणी तावातावाने आलं तर ही आधी पाण्याचा ग्लास देणार, पंखा तिच्याकडे वळवणार आणि मग भांडणार. भांडणात हार नाही. तरी त्याच बाया पुढच्या सणाला पुन्हा तिच्याकडेच साड्या घेऊन येतात, कारण शिवण सरळ असते.

कुत्र्यांचं तिला वेड होतं असं मात्र कुणी समजू नका. भुरी आपणहून आली. एका हिवाळ्यात पायरीवर येऊन बसली, हिने हाकललं, ती पुन्हा आली. पुन्हा हाकललं, पुन्हा आली. शेवटी हिने शिळी पोळी टाकली आणि सोयरीक जुळली. मग भुरी व्यायला लागली. वर्षातून दोनदा व्यायची आणि पिल्लं गाड्यांखाली जायची. सकाळी दार उघडावं तर रस्त्यात चेंदामेंदा झालेलं पिल्लू आणि त्याला हुंगत फिरणारी आई. गल्ली नाकाला रुमाल लावून बाजूने जायची. उचलायचं कुणी? प्रियदर्शनीने, जुन्या अस्तराच्या कापडात गुंडाळून. माणसाने हे किती वेळा करायचं? एकदा असंच एक पिल्लू पुरून आली, हात धुतले आणि किशोरला म्हणाली की आता हिचं ऑपरेशन करून आणते, मगच मशीनवर बसते.

मशीनवर बसावंच लागलं, कारण ऑपरेशनसाठी जे हेलपाटे पडले ते विचारू नका. इकडे म्हणत कुत्री पकडायची गाडी बंद आहे. तिकडे म्हणत गाडी चालू आहे पण डॉक्टर सुटीवर. एका साहेबाने सांगितलं, ताई, तुम्हीच कुत्री घेऊन या. ही भुरीला साखळी बांधून ऑटोत घालून घेऊन गेली, तर तोच साहेब म्हणतो, बांधलेली कुत्री म्हणजे पाळीव झाली, पाळीव आम्ही घेत नाही. आता बोला! त्या माणसाचं डोकं फोडावंसं वाटलं तिला, आणि वाटलं त्यात तिचं काय चुकलं? शेवटी एका संस्थेची गाडी आली. गाडीवर नितेश नावाचा जाळीवाला होता. तो माणूस बरा निघाला. भुरीचं ऑपरेशन झालं, कुत्रं पिसाळू नये म्हणून देतात ती लस टोचली, खूण म्हणून कानाला खाच पाडली आणि जखम सुकल्यावर नितेशने तिला त्याच पायरीवर आणून सोडलं.

गल्ली खवळली. नेलीच होती तर परत कशाला आणली? नितेशने समजावलं की कायदाच तसा आहे, जिथून उचललं तिथेच सोडायचं, तिची जागा तीच. गल्लीच्या हे डोक्यात शिरलं नाही. प्रियदर्शनीने मात्र ते वाक्य पाठ करून ठेवलं. पुढे कितीदा तरी तिने ते लोकांना ऐकवलं आणि लोकांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं.

राग निघाला तो भुरीवर. आधी दगड, मग काठ्या. एका पोराच्या बॅटने तिचा मागचा पाय कायमचा अधू केला. त्या दिवशी प्रियदर्शनी चप्पल पायात घालून निघालीच होती, पण किशोरने हात जोडले. भांडू नको, म्हणाला, आपल्याले इथंच राह्याचं हाय. हे त्याचं नेहमीचं. त्या गल्लीत जयभीमवाल्यांचं घर ते एकच, आणि किशोर आवाज चढवून कधी कुणाशी बोलला नाही. त्याच्या तोंडाकडे पाहून ही फटकळ बाई त्या दिवशी दारोदार फिरली आणि आयुष्यात पहिल्यांदा गोड बोलली. दगड नका मारू, काठी नका मारू. गाडीखाली बसली, दाराशी आली तर हाकला, कोण नाही म्हणते? पण फार तर पाणी मारा. मगभर पाण्यानं कोणी मरत नाही.

हे सगळ्यांना आवडलं. न आवडायला काय झालं? खर्च नाही, पाप नाही. सर्वांत जास्त आवडलं खुशालराव सरांना. हेच ते निवृत्त मुख्याध्यापक, गल्लीचे अध्यक्ष, दर्यापूरकडे काळी जमीन, बोलणं हळू आणि कपडे पांढरेधोप. त्यांनी बैठक घेऊन जाहीर केलं की आजपासून आपल्या गल्लीत मुक्या जीवावर कुणी हात उचलणार नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे मग, बादल्या, बागेच्या नळ्या सुरू झाल्या. भुरी सावलीला टेकली की सपकन पाणी. कुणी गार मारलं, कुणी भांड्यांचं खरकटं, आणि एका घरातून तर उकळतं आधणही आलं. प्रियदर्शनी आतल्या आत जळायची, पण बोलणार काय? शब्द तिचाच होता.

उन्हाळ्यासाठी तिने पायरीजवळ सिमेंटची कुंडी ठेवली होती. भुरी तिच्यात प्यायची, पण आजूबाजूला कुणी नसतानाच. मग पुन्हा बैठक झाली, कुंडीमुळे दुसऱ्या गल्लीची कुत्री जमतात असं ठरलं आणि कुंडी गेली. त्यानंतर भुरी पाणी प्यायची ती खुद्द खुशालराव सरांच्या बोळीत. त्यांचा कूलर गळायचा, खाली खड्ड्यात साचायचं, आणि दुपारी सगळे झोपले की ही लंगडत जाऊन पिऊन यायची. प्रियदर्शनीने ते पाहिलं होतं आणि मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सरांनी कूलर दुरुस्त करून घेतला असता.

यंदाच्या मे महिन्यात गल्लीत अपेक्षा नावाची नवी भाडेकरू आली. क्लासमध्ये गणित शिकवते, पोरगी मनाने चांगली. भर दुपारी धापा टाकणारी भुरी तिला दिसली, तिला दया आली आणि ती मगात पाणी घेऊन बाहेर आली. तो मग पाहताच भुरी केकाटत पळाली, फाटकावर आदळली, तोंडातून लाळ गळत होती. अपेक्षा घाबरली. तिने आपलं भाबडेपणाने घरमालकिणीला सांगितलं की ती कुत्री पाण्याला पाहून पळते. बस्स. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, भुरी पिसाळली. दारं लागली, पोरं आत गेली, आणि ज्यांनी काठ्या ठेवून दिल्या होत्या त्यांनी त्या पुन्हा बाहेर काढल्या.

सरांच्या पोर्चमध्ये बैठक बसली. प्रियदर्शनीने कानाची खाच सांगितली, लस सांगितली. संस्थेच्या डॉक्टरांना फोन लावून सगळ्यांना ऐकवलं. डॉक्टर म्हणाले की पाण्याची भीती वाटते ती रेबीज झालेल्या माणसाला, कुत्र्याचं त्यावरून ठरवू नका. शंका असेल तर दहा दिवस बांधून ठेवा आणि लक्ष ठेवा. कुणीतरी म्हणालं, फोनवरून काय जाते बोलायले. सर म्हणाले, वाद कशाला, इथे सगळ्यांसमोर तिला पाणी पिऊन दाखवू द्या, आम्ही मागे सरतो.

आता ही काय परीक्षा झाली? सगळी गल्ली गोल करून उभी, निम्म्यांच्या हातात काठ्या, मध्ये भुरी, आणि प्रियदर्शनी पातेल्यात पाणी घेऊन तिच्याकडे चाललेली. भुरीने माणसं पाहिली, पातेलं पाहिलं, जागच्या जागी मुतली आणि कुणाच्या तरी पायांमधून वाट काढून पळाली.

“पिसाळली नाही ती, सर,” प्रियदर्शनी म्हणाली. “तुमी सगळ्यायनं पाणी मारू मारू तिच्या जिवाले भेव लावून देलं.”

“पाणी मारा म्हणून तुमीच सांगितलं होतं, ताई,” सर शांतपणे म्हणाले.

ते खरंच होतं. त्या रात्री तिला सगळ्या गल्लीचा राग येत होता, पण सगळ्यात जास्त येत होता तो स्वतःच्या त्या गोड बोलण्याचा. भांडली असती तर बरं झालं असतं, असं तिला राहून राहून वाटत होतं.

तरी एवढं तिने पदरात पाडून घेतलं की दहा दिवस भुरी तिच्या मागच्या अंगणात बांधलेली राहील, आणि काही झालं नाही तर पुन्हा कुणी नाव काढणार नाही. सर सगळ्यांदेखत हो म्हणाले. प्रियदर्शनी सकाळी कोपऱ्यात पातेलं भरून ठेवायची आणि दार लावून आत जायची. थोड्या वेळाने पाहावं तर पातेलं रिकामं. तिने सरांना जाऊन सांगितलं की रोज पिते, जेवते, चांगली आहे. सर म्हणाले, ऊन पाहा किती हाय ताई, वाळत असन. मुख्याध्यापक होता हा माणूस!

दहा दिवस भरायच्या आत अकोल्याला तिच्या भाचीचं लग्न ठरून साक्षगंध आलं. जायला तिचं मन घेत नव्हतं, पण सख्ख्या बहिणीची पोर. किशोर म्हणाला, मी सुटी टाकतो, घरीच हाय, तू जाऊन ये. ती सकाळच्या बसने गेली आणि दिवस मावळताना परत आली. अंगणात पातेलं भरलेलं होतं आणि साखळी खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेली होती.

किशोरने काही लपवलं नाही, त्याला लपवता येतही नाही. सर स्वतः दारात आले होते. गल्लीच्या टोकाशी छोटा हत्ती टेम्पो उभा होता, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या घेऊन परतवाड्याला निघालेला. सर म्हणाले, पोरंसोरं आहेत, उगाच विषाची परीक्षा कशाला, तिकडे जंगल लागूनच आहे, मोकळं रान, तिलाही सुख. गाडीवाल्याला पाहून भुरी गुरगुरली, तेव्हा किशोरनेच तिला उचलून गाडीत ठेवलं.

“ते माहे मास्तर होते, प्रियदर्शनी,” तो म्हणाला. “त्यायच्यापुढे मी अजून खुर्चीवर बसत नाही. नाही कसं म्हणू? अन् माह्या हातानं गेली म्हणून तर कोणाले चावली नाही ती.”

ती भांडली असती तर किशोरला सोपं गेलं असतं. तिने नितेशला फोन लावला. तो हळहळला, हे बेकायदा आहे म्हणाला, पण गाडी शहराबाहेर जात नाही म्हणाला. मग ती पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या माणसाने विचारलं की कुत्री तुमच्या मालकीची आहे का. हो म्हटलं तर म्हणे मग घरात बांधून ठेवायची होती. नाही म्हटलं तर म्हणे मग तुमचा काय संबंध. वर पुन्हा, खुशालराव सर सज्जन माणूस आहे ताई, असं ऐकवलं. सज्जन तर सगळेच होते. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही, आणि कुत्री मात्र अनोळखी गावात नेऊन टाकली.

सकाळी ती परतवाड्याला गेली. बसस्टँड पाहिलं, मटणाची दुकानं पाहिली, धारणीच्या जीपा लागतात तो अड्डा पाहिला. भुरी कुत्री, पाय अधू, कानाला खाच, असं ज्याला त्याला विचारत फिरली. लोक म्हणत, भुरी कुत्री इथं ढिगानं हायत बाई. एक जण हसला. ऊन डोक्यात शिरलं होतं, पदर घामाने चिंब, आणि मनात एकच की दुसऱ्या कुत्र्यांनी एव्हाना फाडली असेल तिला.

सापडली ती जीपच्या खाली. हिने हाक मारली तशी आधी नाक बाहेर आलं, मग भुरी सगळीच सरपटत बाहेर आली आणि हिच्या पायांवर डोकं ठेवून कण्हायला लागली. मानेवर चावल्याच्या खुणा होत्या, जीभ कोरडी पडली होती. प्रियदर्शनीने घाईघाईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि झाकण फिरवलं. भुरीने बाटलीकडे पाहिलं, अंग चोरलं आणि पुन्हा जीपखाली शिरली. हिच्याही हाताला भ्याली. मग मात्र प्रियदर्शनी तिथेच धुळीत बसली आणि हमसून हमसून रडली. ड्रायव्हर लोक पाहत राहिले.

रडून झाल्यावर तिने पिशवीतल्या डब्याच्या झाकणात पाणी ओतलं, ते जीपजवळ ठेवलं आणि पाठ फिरवून बसली. बराच वेळ काही नाही. मग मागून लपलप आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही. फोन काढला, सरांना व्हिडिओ कॉल लावला आणि खांद्यावरून मागे धरला.

“पाहा सर. पिऊन राहिली. नीट पाहून घ्या.”

सरांनी नीट पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. झाकण रिकामं होईपर्यंत पाहिलं.

“हाव, पिते नं,” ते म्हणाले. “मले दिसते नं. मंग तर बेसच झालं, ताई. मानवलं तिले तिथं. आता राहू द्या तिथंच.”

प्रियदर्शनीने फोन खाली घेतला. इतके दिवस ती समजत होती की या लोकांना पुरावा पाहिजे. खाच दाखवली, डॉक्टर ऐकवला, रिकामं पातेलं सांगितलं, आता पाणी पिताना दाखवलं. पुरावा कुणाला नकोच होता. त्यांना फक्त कुत्री नको होती, आणि ते तोंडाने म्हणायची लाज वाटत होती. हे आपल्याला आधी कसं कळलं नाही, याचाच तिला संताप आला.

आता आणायचं कसं? कंडक्टरने बसमध्ये घेतलं नाही, जीपवाल्यांनी घेतलं नाही. टरबुजं उतरवून रिकामा परत चाललेला एक छोटा हत्तीवाला शेवटी तयार झाला. तिच्या पिशवीत साडीच्या फॉलची पट्टी होती, ती भुरीच्या गळ्यात बांधली आणि दोघी मागे बसून अमरावतीपर्यंत आल्या. वाटेत भुरी तिच्या मांडीवर झोपली.

गल्लीच्या तोंडाशी उतरल्या तेव्हा संध्याकाळचे नळ आलेले होते. खुशालराव सर फाटकासमोर नळी घेऊन झाडांना पाणी देत होते, आणि पाणी रस्त्याच्या मध्यापर्यंत उडत होतं. भुरी थबकली. शेपूट पोटाखाली गेली. एकेका फाटकाशी माणसं येऊन उभी राहिली.

“सर, नळी खाली ठेवा,” प्रियदर्शनी म्हणाली.

“मी तं झाडायले पाणी देऊन राहिलो, ताई.”

देतच होते. खोटं काहीच नव्हतं त्यात. भुरीला उचलून पलीकडे न्यावं म्हणून ती वाकली, आणि पुन्हा ताठ उभी राहिली. उचलूनच तर नेलं होतं तिला. जागा तिची होती, तिने आपल्या पायांनी जायला पाहिजे होतं.

“मंग मी थांबते,” ती म्हणाली. “नळ कधी तं जाईन.”

आणि ती थांबली. सकाळपासून पोटात अन्न नाही, पाय सुजलेले, तरी पट्टी हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. सरांनी गुलमोहराला पाणी दिलं, जास्वंदीला दिलं, पुन्हा गुलमोहराला दिलं. झाडांची आळी भरून वाहायला लागली. पिको-फॉलच्या पाटीखाली किशोर येऊन उभा होता. तो एकदा सरांकडे पाहायचा, एकदा बायकोकडे, आणि पायरी काही उतरत नव्हता.

नळीने आचके दिले, धार बारीक झाली आणि नळ गेला. सर नळी हातात घेऊन तसेच उभे राहिले. भुरीने त्या नळीकडे बराच वेळ पाहिलं, मग ओल्या रस्त्यावरून लंगडत निघाली. प्रियदर्शनीने पट्टी सोडून दिली. सरांच्या फाटकापाशी भुरी भिंतीला घासून पळाली, पुढे पुन्हा सावकाश चालली, निळ्या बाटल्या मागे टाकत आपल्या पायरीपर्यंत आली. किशोर खाली वाकला आणि त्याने हात पुढे केला. भुरीने तो हात पाहिला, त्याला लांबून वळसा घातला आणि पाटीखाली जाऊन बसली.